डाव्या करंगळीकडची अक्षरं

अनुस्वार डाव्या करंगळीकडे असतो,
मात्रा तिच्या शेजारणीकडे.
एकतीस वर्षं, परभणीत, वसमत रोडला पहिल्या मजल्यावर
मी हे पोरापोरींच्या बोटांना सांगत आले.
यंदा पोळ्यानंतर माझीच दोन बोटं
गैरहजर राहायला लागली.
दाखवण्यापुरती एक ओळ मारली
तर वंदना आणि वेदना,
दोघींच्या जागी वदना उमटली.
मागच्या मशीनवरची पोरगी हसली. बरोबरच होतं तिचं.

माझं नाव कावेरी केंद्रे.
आता मारलं की कावरी कद्र.
दमलेल्या दिवशी रकारही पोचत नाही,
मग नुसता कद.

नांदेडला दवाखान्याच्या बाकावर
शेजारी देगलूरचे मुनीरभाई हलवाई.
त्यांची चप्पल रस्त्यात सुटते
आणि हे पुढं चालत राहतात
मागून कुणी हाक मारेपर्यंत.
"पाय आहेत, खबर नाही," म्हणाले. "तुमचं काय?"
मी म्हणाले, माझं शुद्धलेखन.

आत डॉक्टरीणबाईंनी अंगठा आणि तर्जनीत कागद दिला,
धरा, सुटू देऊ नका,
आणि ओढला.
आयुष्यभर मी रोलरमधून कागद काढले,
एक फाटू दिला नाही.
हा नुसता निसटला.

मग तपासणीवाला पोरगा. माझ्या बॅचला शोभेल एवढाच.
बांगड्या काढा मावशी,
हात गरम पिशवीवर ठेवा,
गार हातात वेग खोटा येतो.
वेग?
"नसेचा. सेकंदाला मीटर."
मी इतकी वर्षं मिनिटाला शब्द मोजत होते.

मनगटावर टिचकी मारावी तसा शॉक.
जी करंगळी महिनाभर माझं ऐकत नव्हती
ती त्याच्या एका बटणावर उडाली,
हवेतच एक अनुस्वार देऊन
परत निजली.
पुन्हा. पुन्हा.
मला तिचा रागच आला.

कोपराखालून मनगटापर्यंत चोपन्न.
कोपराच्या वळणावर एकतीस.
"फार कमी," तो म्हणाला.
आमच्याकडे मराठीला तीसवर पास करतात.
तो हसला नाही. आकडा लिहून घेतला.

कोपर.
टेबलाच्या कडेवर ते टेकून
मी रोजच्या सहा बॅच ऐकल्या,
न बघता सांगायचे, कोण स्पेस विसरतंय.
नस तिथूनच जाते म्हणे, हाडाच्या खाचेतून,
कातडीच्या इतक्या जवळून
की लहानपणी चौकटीवर आपटलं
की रडावं का हसावं कळायचं नाही,
तीच ती.

शेवटी सुई,
अंगठ्याशेजारच्या खळग्यात, जिथं पूर्वी मांस होतं.
"हात सैल सोडा. काहीच करू नका.
सैल स्नायू गप्प असतो."
मी काहीच केलं नाही.
यंत्रातून टक्, टक्, टक् येत राहिलं.
रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर
रिकाम्या वर्गात कुणीतरी अजून सराव करत बसावं,
मशीनला कागद न लावता.
मी विचारलं, हा कोण?
म्हणाला, नसेचा सांगावा येईनासा झाला
की स्नायू असा एकट्यानंच बडबडतो.

रिपोर्ट त्याने दोन बोटांनी टाइप केला,
मान खाली घालून, एकेक की हुडकत.
नजर वर, बोटं जागेवर,
तीनदा तोंडापर्यंत आलं.
कोपराला मऊ पट्टा, तीन महिने,
नाहीतर ऑपरेशन.

परतीच्या पॅसेंजरमध्ये हात मांडीवर
आपोआप दिसेल ती पाटी मारत होते.
पूर्णा जंक्शनला गाडी रखडली.
ऊकार डावीकडे, रफारही डावीकडे.
माझ्या मांडीवर उमटलं फक्त
पणा.
त्याच्याआधी कोणता शब्द लावावा
याचा विचार करत बसले,
सिग्नल पडेपर्यंत.